एअर रायफलचे पेलेट सायझरमधून काढावेत का?

रत्नागिरीहून एका पालकांनी विचारले आहे: मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. थंडीत सरावाला ६१२ च्या आसपास गुण पडत होते, जून सरला तसे ते ६०५ वर आले. घरात पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचे, पाच डबे आहेत. दोन डब्यांवर ४.४९ आणि तीन डब्यांवर ४.५० असा आकडा आहे, शिवाय काही पेलेटवर पांढरी भुकटी धरली आहे. परदेशातले रायफलवाले काडतुसाची पितळी केस (बाहेरची नळी) डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणतात, तसा पेलेट दाबून मापात आणणारा सायझरही मिळतो असे कळले. तर ४.५० चा सायझर मागवून सगळे पेलेट एका मापाचे करून घ्यावेत का?

मागवू नका. पैसे वाया जातील ते जातीलच, वर चांगले पेलेटही बिघडतील. तुमचे सात गुण कुठे गेले हे आधी शोधायला हवे, आणि पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ते जायला बऱ्याच वाटा असतात. रायफल कुठली, हवा कुठे भरता, डबे कुठे ठेवता, हॉलमध्ये उजेड किती, यावर बरेच अवलंबून आहे. तुमची रायफल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच (स्पर्धेची) रायफल असणार असे धरून लिहितो. स्प्रिंगच्या रायफलचे थोडे वेगळे आहे, ते शेवटी सांगतो.

आधी पितळी केसबद्दल, कारण गैरसमज तिथूनच सुरू झाला आहे. रायफलचे काडतूस उडाले की आतल्या दाबाने केस फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला जाऊन भिडते. पितळ थोडे मागे येते, पण मूळ मापावर येत नाही. तोंड सैल पडल्यामुळे नवी गोळी त्यात घट्ट बसत नाही. म्हणून केस डायमध्ये दाबून बारीक करतात आणि तिचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) जरासा मागे ढकलतात. हा जरासा म्हणजे बोल्ट रायफलसाठी इंचाचा एक-दोन हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.०२५ ते ०.०५. खांदा याहून फार मागे गेला तर पुढच्या वेळी केस लांबीत ताणली जाते, बुडाच्या किंचित वर पातळ होते आणि काही फेऱ्यांनी तिथेच तुटते. शिवाय दर वेळी दाबल्याने पितळ कडक होत जाते. तोंडाला ठरावीक उष्णता देऊन ते पुन्हा मऊ केले नाही तर तिथे उभी चीर जाते. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर तीच वस्तू पुन्हा वापरायची आहे म्हणून.

पेलेट एकदाच उडतो. डब्यातून आलेला कोरा पेलेट मापातून गेलेलाच नाही, तर त्याला मापात आणायचे ते काय? (जाता जाता: आपल्याकडे काडतुसे बनवणे किंवा पुन्हा भरणे हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याचा विषय आहे, घरी करून पाहायची गोष्ट नव्हे. .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते.)

आता पेलेटच्या मापाबद्दल. आपला पेलेट पुढून सपाट, कमरेत बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पोकळ असतो. पुढचा भाग हेड, मागचा स्कर्ट. डब्यावरचा ४.४९ किंवा ४.५० हा आकडा फक्त हेडचा व्यास सांगतो. स्कर्ट मुद्दाम हेडपेक्षा मोठा ठेवलेला असतो. त्याची भिंत पातळ असते, मागून हवा आली की ती बाहेर फुलते, बॅरलच्या (नळीच्या) आतल्या पिळदार खोबणीत, म्हणजे रायफलिंगमध्ये, घट्ट बसते आणि हवा पुढे निसटू देत नाही. पेलेट सरळ ठेवायचे काम हेडचे, हवा अडवायचे काम स्कर्टचे.

४.५० च्या डायमधून पेलेट आरपार ढकलला की हेड ४.५० चे होते हे खरे, पण स्कर्टही ४.५० वरच येतो. शिसे मऊ असल्याने दाब काढल्यावर ते जवळपास मागे येतच नाही. स्प्रिंग रायफलमध्ये हवेचा धक्का एकदम बसतो, तिथे असा आवळलेला स्कर्ट पुन्हा फुलू शकतो. मॅच रायफलचा दाब सौम्य असतो, त्यात तो पुरेसा फुलेलच असे नाही. मग एक पेलेट हवा नीट अडवतो, दुसरा थोडी निसटू देतो आणि वेग वरखाली होऊ लागतो. आणि ४.४९ चे हेड ४.५० च्या डायमधून गेल्यावर मोठे होणार नाही. सायझर लहान करतो, मोठे करत नाही. म्हणजे तुमच्या दोन डब्यांच्या हेडवर काहीच परिणाम नाही, त्यांचा फक्त स्कर्ट बिघडेल.

शिवाय बॅरल स्वतःच सायझर असते. बऱ्याच मॅच बॅरलमध्ये तोंडाजवळचे शेवटचे काही सेंटिमीटर मिलिमीटरच्या काही शतांशांनी आवळलेले असतात, त्याला चोक म्हणतात. पेलेट बाहेर पडण्याआधी त्या चोकमधून जातो आणि त्या बॅरलच्या मापाचा होतो. मग ४.४९ आणि ४.५० मध्ये फरक का पडतो? कारण बॅरलच्या सुरुवातीला पेलेट किती सहज शिरतो आणि किती सरळ बसतो हे हेडवर ठरते. कुठला आकडा कुठल्या बॅरलला मानवेल हे कागदावर सांगता येत नाही. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळे पेलेट मागतात. इतकेच काय, ४.५० लिहिलेल्या दोन वेगळ्या लॉटमध्येही (एका वेळी बनलेला माल म्हणजे एक लॉट) फरक दिसतो, कारण ते पेलेट वेगळ्या साच्यातून आलेले असतात. म्हणून डबा घेताना हेडच्या आकड्याइतकाच लॉट नंबर बघावा.

उन्हाळ्या-पावसाळ्यात शिसे फुगते-आकसते का, असेही कोणी विचारते. तापमानात १० अंशांचा फरक पडला तर साडेचार मिलिमीटरच्या हेडमध्ये ०.००१३ मिमी फरक पडतो. तो सोडून द्या. मायक्रोमीटरने हेड मोजत बसण्यातही अर्थ नाही. जबड्याच्या दाबाने शिसे दबते आणि तुम्ही पेलेटऐवजी स्वतःच्या हाताचा जोर मोजता.

आता सात गुण. ६० शॉटमध्ये ७ गुण म्हणजे शॉटमागे ०.१२. टार्गेटवर १०.० चा शॉट केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर असतो आणि तिथून केंद्राकडे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण वाढतो. म्हणजे सरासरी शॉट आधी होता त्याहून साधारण ०.३ मिमी बाहेर जातो आहे. मुलीचा सरासरी शॉट पूर्वी केंद्रापासून सुमारे १.८५ मिमीवर असणार, आता २.१५ वर.

पेलेटची चूक आणि नेमबाजाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्ही कुठल्याही दिशेला जातात, कधी एकमेकींना खोडतात. म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. चांगल्या लॉटचा स्वतःचा विखुरलेपणा सरासरी अर्धा मिलिमीटर धरला, तर १.८५ मध्ये मुलीचा वाटा १.७८ निघतो. मुलगी तशीच खेळते आहे आणि सगळा दोष पेलेटचा आहे असे धरले, तर २.१५ व्हायला पेलेटचा विखुरलेपणा अर्ध्यावरून १.२ मिमीवर जायला हवा. म्हणजे दुपटीहून जास्त! इतके वाईट पेलेट क्लॅम्पवर, म्हणजे रायफल शिकंज्यात घट्ट पकडून मारले तर, लपत नाहीत. १० शॉटचा ग्रुप (एकाच जागी मारलेल्या छिद्रांचा पुंजका) बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला तर पहिल्या स्थितीत सुमारे ६ मिमी येतो, दुसऱ्या स्थितीत ८ च्या पुढे जातो. हा फरक साध्या व्हर्नियरने मोजता येतो.

म्हणून पहिले काम क्लॅम्पवर चाचणी. मोठ्या रेंजवर किंवा रायफल विक्रेत्याकडे क्लॅम्प असतो. रायफल दस्त्यातून काढून ॲक्शनवर, म्हणजे बॅरल बसवलेल्या धातूच्या भागावर, पकडायची; दस्त्यावर पकडली तर लाकूड किंवा अॅल्युमिनियमचा बेड हलतो आणि तो हलणे ग्रुपमध्ये दिसते. लॉट बदलला की पहिले आठ-दहा शॉट मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक लॉटचे १० शॉटचे निदान तीन ग्रुप, पाच झाले तर उत्तम. क्रम अ, ब, क आणि परतताना क, ब, अ असा ठेवा, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरल्याचा परिणाम एकाच लॉटच्या माथी बसत नाही. पाच शॉटचा एक सुरेख ग्रुप पाहून लॉट ठरवणारे पुष्कळ असतात, पण तो योगायोग असतो. सर्वांत चांगला ग्रुप न बघता सरासरी आणि सर्वांत वाईट ग्रुप बघा, स्पर्धेत तोच आडवा येतो.

क्लॅम्प मिळाला नाही तर बसून, पुढच्या हाताखाली वाळूची घट्ट पिशवी ठेवून एखाद्या अनुभवी नेमबाजाकडून चाचणी करून घ्या. आकडे थोडे मोठे येतील, पण चांगला लॉट आणि वाईट लॉट ओळखू येतो. तुमच्याकडे पाच डबे आहेत, म्हणजे कदाचित पाच लॉट. आधी झाकणाखालची लेबले वाचा. जो लॉट जिंकेल त्याचेच पाच-सहा डबे स्पर्धेसाठी घेऊन ठेवा. उरलेले सरावात संपवा, टाकायचे कारण नाही.

वजनाचा मुद्दाही यातच येतो. ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० मीटरने निघाला तर १० मीटर जाईपर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला तर वेगात साधारण अर्धा टक्का आणि टार्गेटवर ०.१७ मिमी. चांगल्या मॅच डब्यात पेलेटमधली तफावत साधारणपणे याहून कमीच असते. आणि घरचा सोनाराचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवत असेल तर एका पेलेटमधला जवळपास दोन टक्क्यांपर्यंतचा फरक त्याला दिसतच नाही, त्यावर निवड होत नाही. वेगाचे मात्र बघा. वेगच एक टक्क्याने, म्हणजे १.७ मीटरने बदलला तर शॉट ०.३४ मिमीने सरकतो. तुमचा हरवलेला ०.३ मिमी यातही असू शकतो, आणि मग दोष पेलेटचा नाही, रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखी हवा देणाऱ्या भागाचा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सलग २० शॉट टाका. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात दोन-अडीच मीटरहून जास्त फरक दिसला तर रेग्युलेटर उघडून पाहायला हवा. ते काम घरी करू नका, २०० बारचा दाब आहे.

रेग्युलेटर बिघडतो कशाने, तर आपल्याकडे बहुतेक वेळा पाण्याने. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असते. ३० अंशांना अशा एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. पाव लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला ५० लिटर हवा लागते, म्हणजे तिच्यासोबत सव्वा ग्रॅमहून जास्त पाणी. हातपंपाने किंवा ड्रायर नसलेल्या लहान कंप्रेसरने भरलेल्या हवेतले बरेचसे पाणी सिलिंडरमध्ये जाते आणि आतून गंज धरतो. मालवण-तारकर्लीकडे स्कुबाचे सिलिंडर भरतात, तिथल्या कंप्रेसरला पाणी आणि तेल गाळणारे फिल्टर असतात. मोठा सिलिंडर तिथून भरून आणला आणि त्यातून रायफलचा भरला तर प्रश्न बराचसा सुटतो, पण फिल्टर शेवटचा कधी बदलला हे विचारूनच भरा. आणि रायफलच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहा. बहुतेक मॅच कंपन्या १० वर्षांनंतर सिलिंडर वापरू नका असे सांगतात.

पांढऱ्या भुकटीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तो शिशाचा क्षार आहे. ओलसर हवा आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड यांनी शिशावर तो हळूहळू धरतो. त्यात लाकडातून निघणारी ॲसिटिक आम्लाची वाफ मिसळली की तो फार लवकर धरतो. तुमचे डबे लाकडी कपाटात असतील तर कारण तिथेच आहे. सागवान असो, फणस असो, लाकडाचे कपाट पेलेटला वाईट. आंब्याच्या रिकाम्या पेट्या घरोघरी असतात, त्यात ठेवण्याचा मोह होतो, तोही टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट नुकताच लावलेली खोलीही नको.

डबे त्यांच्या मूळ पत्र्याच्या झाकणासह घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. सोबत ५० ग्रॅम सिलिका जेल टाका. नारिंगी रंगाचे घ्या, ते ओले झाले की हिरवे होते. निळ्यात कोबाल्ट असते, घरात मूल असताना ते नको. जेल हिरवे झाले की ११०-१२० अंशांना दोन तास तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही, कारण त्या पुडीवर शिशाची धूळ असते. त्या प्लॅस्टिकच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘शिसे’ असे लिहून ठेवा, म्हणजे कोणी त्यात पुढे लाडू भरणार नाही.

ज्या पेलेटवर भुकटी धरली आहे ते घासून, धुऊन वापरू नका. भुकटी निघाली तरी खालचा पृष्ठभाग खडबडीत राहतो, आणि घासताना उडणारी धूळ नाकात जाते. पिशवीत घालून तोंड बांधा आणि रेंजवर टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या ट्रॅपमधले शिसे जिथे जमा करतात तिथे द्या. चांगले पेलेटही धुवायची गरज नाही. कारखान्यातून येताना त्यांच्यावर जो पातळ थर असतो तो साबणाने निघून जातो आणि दमट हवेत ते आणखी लवकर पांढरे पडतात. सरावानंतर हात साबणाने धुणे, पेलेट ओठांत न धरणे आणि ट्रॅपजवळची फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसणे हे मात्र रोज झाले पाहिजे. वाढीच्या वयातल्या मुलांना शिशाचा त्रास अधिक होतो.

बॅरल पोलादाची आहे आणि खाऱ्या हवेत पोलाद टिकत नाही. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून रायफल दमट हॉलमध्ये आणली की तिची केस (पेटी) लगेच उघडू नका, अर्धा तास तशीच ठेवा. नाहीतर थंड बॅरलवर आत-बाहेर दव धरते. जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या केसमध्ये पडून राहू देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो. सरावानंतर बॅरल साफ करायचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) दोन गोळे बॅरलमधून मागून पुढच्या दिशेने काढा. पुढचे चार दिवस सराव नसेल तर एका फेल्टला अगदी थोडे हलके तेल लावून काढा आणि पुढच्या सरावाआधी कोरडा फेल्ट. त्यानंतर पहिले १५-२० शॉट ग्रुप पसरतो, तो बघून घाबरू नका आणि साईटही फिरवू नका.

पेलेट, हवा, बॅरल हे तपासूनही काही सापडले नाही तर मुलीच्या जॅकेटकडे बघा. कॅनव्हास आणि चामडे ओल धरले की मऊ पडते आणि पाठीचा आधार ढिला होतो. सराव झाल्यावर घडी न घालता रुंद हँगरवर पंख्याखाली वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. दुसरे म्हणजे उजेड. ढगाळ दिवशी खिडकीच्या उजेडावर चालणाऱ्या हॉलमध्ये पुढच्या रिंगमधून काळा गोल वेगळा दिसतो आणि नेम वर किंवा खाली सरकतो. तसे असेल तर ग्रुप पसरणार नाही, पूर्ण ग्रुपच एका बाजूला जाईल. सरावाच्या टार्गेटवर हा फरक लगेच कळतो: ग्रुप घट्ट पण बाजूला असेल तर साईट आणि उजेड, ग्रुप सगळीकडे पसरला असेल तर बाकीचे सगळे.

सायझर कधी उपयोगी पडतो तेही सांगतो. जुन्या स्प्रिंग रायफलला कधी कधी घट्ट चेंबर असतो आणि बाजारातले साधे पेलेट त्यात नीट बसत नाहीत, बोटाने ढकलताना स्कर्ट वाकतो. तिथे सगळे पेलेट एका डायमधून काढल्यास ते निदान सारखे बसतात. पेलेट हेड पुढे ठेवूनच ढकलायचा, दर आठ-दहा पेलेटनंतर डायला सिलिकॉन तेलाचा अगदी बारीक थेंब. जास्त तेल लावले की स्प्रिंग रायफलमध्ये ते आत जाते आणि वेग वरखाली होतो. पेट्रोलियम तेल तर तिथे लावूच नये, दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते. मॅच पेलेटचा स्कर्ट वाकला असेल तर सायझर नको, स्कर्ट गोल करणारा निमुळता पेलेट सीटर मिळतो. पण दहा मीटरच्या स्पर्धेत वाकलेला पेलेट बाजूला काढणे हेच सोपे.

पुन्हा विचाराल तेव्हा चार गोष्टी सोबत द्या: पाचही डब्यांचे लॉट नंबर, प्रत्येक लॉटच्या तीन ग्रुपची कडेपासून कडेपर्यंतची मापे, सलग २० शॉटचे वेग आणि सिलिंडरवरची तारीख. क्लॅम्पवर सगळे ग्रुप साडेसहा मिमीच्या आत आले आणि वेग स्थिर असेल, तर नवे पेलेट घेण्याआधी जॅकेट आणि उजेडाचे काम करा.